पाण्याखालची पैनगंगा

इसापूरच्या धरणात पहिल्यांदा जाळं टाकलं तेव्हा माझं वय बत्तीस होतं आणि त्यातली अठरा वर्षं मी पाण्यावर काढली होती. पण ते सगळं वाहतं पाणी. हिमायतनगरच्या उत्तरेला पैनगंगा आहे. अलीकडच्या थडीला आम्ही, पलीकडच्या थडीला उमरखेडचा मुलूख. इकडं मराठवाडा, तिकडं विदर्भ, आणि मासा दोन्हीकडचा. भोयाच्या पोराला नदी शिकवावी लागत नाही असं लोक म्हणतात. ते खरं नाही, शिकवावी लागते. मला वडलांनी शिकवली. कोणत्या डोहात शिंगाडा बसतो, कोणत्या खडकाच्या सांदीत वांब राहते, धार कुठं वळते, जाळं धारेला आडवं न लावता जरा तिरपं का लावायचं, हे सगळं त्यांनी मला कमरेएवढ्या पाण्यात उभं करून दाखवलं.

आमच्याकडची जुनी माणसं हिमायतनगरला अजूनही वाढोणा म्हणतात. वाढोण्याच्या परमेश्वराची महाशिवरात्रीची जत्रा उठली की नदी उतरायला लागते. चैत्रात धार बारीक होते, वैशाखात नुसते डोह उरतात आणि डोहातला मासा दोन-चार दिवसांच्या जाळ्यात संपतो. खाली सहस्रकुंडाचा धबधबासुद्धा त्या दिवसांत नुसता काळा खडक असतो. मग जाळी गुंडाळून आढ्याला टांगायची आणि मिळेल त्या मजुरीला जायचं, हा आमचा दरसालचा क्रम. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी असाच रिकामा बसलो होतो आणि मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, इकडं या. धरणात पाणी हाय, माणसं कमी पडायलेत."

माझी सासुरवाडी कळमनुरीकडची, इसापूरच्या पाण्याला लागून. तिथल्या मच्छीमार संस्थेचा मेहुणा सभासद. त्यानं संस्थेत विचारून घेतलं आणि मी सहा जाळी पोत्यात भरून निघालो. सोबत पुतण्या होता. तो पुण्याला कंपनीत असतो, सुट्टीला आला होता, हट्टानं मागं लागला. हदगाव, वारंगा फाटा, आखाडा बाळापूर, कळमनुरी. उन्हात पोचलो.

इसापूर मला दोन गोष्टींवरून ठाऊक होतं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की तहसिलातून निरोप येतो, नदीकाठच्यांनी सावध राहा. आणि उन्हाळ्यात नदीकाठची गावं निवेदनं देतात, इसापूरचं पाणी पात्रात सोडा, गुरं तहानलीत. म्हणजे आमची नदी वाहायची की नाही, हे तिकडं वर ठरतं. पण डोळ्यांनी ते पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं आणि पाय थांबले. उन्हाळ्यानं पाणी पुष्कळ मागं सरकलेलं, तरीही पलीकडचा काठ धुरकट. काठाला पायऱ्यांसारख्या पाण्याच्या जुन्या खुणा. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोकांनी गाळपेर केलेली, टरबुजाचे वेल थेट पाण्यापर्यंत गेलेले. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्प हे त्याचं सरकारी नाव, 964 दशलक्ष घनमीटर त्याचा उपयुक्त साठा. हिंगोली, नांदेड, यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांच्या कालव्यांना इथून पाणी जातं. हे आकडे मेहुणा सांगत होता आणि मी पाण्यात धार शोधत होतो. धार नव्हती. जिला कुठलाच ओढा नाही अशी पैनगंगा मी पहिल्यांदा बघत होतो.

त्या संध्याकाळी जाळी मी लावली. जावई पहिल्यांदाच कामाला आलेला, त्याला कुणी कसं सांगायचं! सासरे, म्हणजे माझे मामा, काठावर बसून बिडी ओढत बघत होते. सत्तरीच्या आसपासचं वय, अंग वाळलेलं, नजर पाण्यावरून न हलणारी. त्यांनी एवढंच विचारलं, "जावई, वारं कुठून यायलंय?" मला वाटलं, उकाड्याबद्दल बोलताहेत. "मावळतीकून," मी म्हणालो आणि थर्माकोलचा तराफा आत ढकलला.

हा तराफा म्हणजे थर्माकोलचे ठोकळे पोत्यात घालून, नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेले. वर मांडी घालून बसायचं, दोन हातांत दोन फळकुटं, त्यांनी पाणी मागं सारायचं. नदीत मला त्याची फारशी गरज पडत नाही. इथं त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मी एका खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्याच्या तोंडाशी, या काठापासून त्या काठापर्यंत तंगुसाचं जाळं लावलं, जसं नाल्याच्या तोंडाला लावतात. सकाळी उपसलं तर सगळी तिलापी, तळहाताएवढी. तिलापीला भाव नाही आणि तिचे काटे तंगुसात असे अडकतात की सोडवताना बोटं रक्तबंबाळ होतात.

दुसऱ्या दिवशी मी आणखी आत गेलो. नदीत मासा नसला की मधल्या खोल पाण्यात बघायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. चार जाळी एकाला एक जोडून मोकळ्या पाण्यात सोडली. मामा पुन्हा काही बोलले नाहीत. पण मी निघताना ते उभे राहिले होते, हे मला नंतर आठवलं.

रात्री वावधान सुटलं. मे महिन्यात आमच्याकडं आभाळ असंच फिरतं. दिवसभर पान हलत नाही आणि अंधार पडला की धूळ, पाचोळा, पत्रे सगळं उडवणारं वारं येतं. नदीत अशा वाऱ्याचं फार भय नसतं, काठ जवळ असतात. इथं मैलभर मोकळ्या पाण्यावरून येताना वाऱ्याला अडवायला काहीच नाही. काठावर लाटांचा आवाज ऐकत बसलो. पाण्याचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. उजाडल्यावर गेलो तर जाळ्यांचे भेंडे जिथं सोडले होते तिथं नव्हतेच. दूर एका ठिकाणी एकत्र गोळा झाले होते. ओढून बघितलं, येईनात. खाली काहीतरी धरून बसलं होतं. सोडवता सोडवता दोन जाळी मधोमध फाटली, एक आणखी खाली राहिलं. दोन जाळी म्हणजे आमच्यासारख्याच्या घरात लहान गोष्ट नव्हे. शिवाय घरी गेल्यावर काय सांगायचं, हे वेगळंच.

दुपारी लिंबाखाली फाटकी जाळी पसरून बसलो होतो. मामा शेजारी येऊन बसले, सुई हातात घेतली आणि न बोलता शिवायला लागले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जावई, तुमचं जाळं जिथं अडकलं ना, तिथं आमची चिंच होती."

मला आधी कळलंच नाही.

"गावाची. मारुतीच्या पारापाशी. गाव उठलं तेव्हा वरून तोडून नेली लोकांनी, खोड राहिलं. मारुती नव्या गावात नेला, पार खालीच हाय."

ऐंशीच्या दशकाच्या तोंडाशी धरणात पाणी साठलं तेव्हा मामा पंचविशीचे होते. नदीकाठी त्यांचं शेत होतं, गाव होतं. ते सगळं या पाण्याखाली. मी लग्नानंतर आठ वर्षं त्या घरी येत-जात होतो आणि मला हे माहीत नव्हतं. पुनर्वसनाचं गाव आहे एवढं माहीत होतं. पण मामा रोज ज्या पाण्यावर मासे धरतात, ते त्यांच्याच उंबरठ्यावर उभं आहे, हे मी कधी लक्षात घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हाच त्यांना कळलं होतं की वारं सुटणार आणि जाळी तिकडं वाहत जाणार. जावयाला कसं टोकायचं म्हणून गप्प राहिले. मी म्हणालो, "मामा, इथं मी जावई नाही. मला शिकवा." त्यांनी मान हलवली. त्यांना ते बोलणं आवडलं असावं, कारण दुसऱ्याच पहाटे चारला त्यांनी मला स्वतः उठवलं.

त्यांच्या तराफ्यावर एक सुतळीची दोरी होती. टोकाला मुठीएवढा धोंडा आणि दर वावेला एक गाठ. दोन्ही हात पसरले की एक वाव. आम्ही अंधारात वल्हवत निघालो. अधूनमधून मामा थांबत, धोंडा सोडत, गाठी मोजत. तीन वाव. तीन. साडेतीन. तीन. "हे रान," ते म्हणाले. "आमच्या भावकीचं." अजून थोडं पुढं. चार. मग तराफा दोन हात सरकला असेल, दोरी हातातून सुटतच गेली. सात वाव.

"ही दरड," मामा म्हणाले. "ह्याच्या खाली पैनगंगा."

मी ती दोरी हातात घेतली आणि पुन्हा पुन्हा सोडून पाहिली. चार, सात, चार, सात. खाली माझ्या नदीची थडी होती. हिमायतनगरला अशाच दरडीवरून उतरून आम्ही पाण्यात जातो. धोंड्याला लागून वर आला तो मऊ काळा चिखल. एवढ्या वर्षांचा गाळ बसलाय, वाळू हाताला लागणार नव्हती. पण खोली बदलली नव्हती. पात्र जिथं होतं तिथंच होतं, फक्त वरून दिसत नव्हतं. ते कुठून कसं वळतं हे मामांना काठावरच्या खुणांवरून ठाऊक होतं. ती टेकडी आणि तो करंज एका रेषेत आले की वळण, मग पुलापर्यंत सरळ. मी ज्याला मोकळं पाणी समजत होतो त्यात रान होतं, बांध होते, विहीर होती, वाट होती. आणि मासा अजूनही त्याच वाटांनी हिंडत होता.

त्या दोन-तीन दिवसांत जे शिकलो ते असं. साचलेल्या पाण्यात धारेचं काम वारं करतं. वारं ज्या काठाला धडकतं तिकडं वरचं पाणी, शेवाळाचा चुरा, किडे ढकलले जातात. त्यामागं चिंगळ्या जातात, चिंगळ्यांमागं मोठा मासा. म्हणून आधी वाऱ्याची चौकशी. उन्हाळ्यात अगदी तळाला जाळं लावून उपयोग नाही, तिथल्या पाण्यात जीव नसतो, मासा तिथं गुदमरतो. दिवसा तो उन्हापासून दूर म्हणून दरडीच्या कडेला, मधल्या खोलीवर थांबतो आणि रात्री उथळात चरायला निघतो. म्हणजे जाळं लावायचं ते दरडीच्या ओठाशी, खालून दीड-दोन वाव उचलून. आणि चिंचेपासून लांब. वडलांनी नदीत सांगितलं होतं त्याचंच हे दुसरं रूप. मासा कुठं खातो, कुठं निजतो आणि कोणत्या वाटेनं जातो, एवढंच ओळखायचं.

चौथ्या सकाळी जाळ्यात नऊ किलोचा कटला होता. तराफ्यावर घेतला तर तोंड उघडून बसलेला, खालचा ओठ जाड, खवले दुपारच्या भाकरीएवढे वाटावेत असे चमकणारे. सोबत रोहू, दोन मृगळ. काठावर सगळी आनंदली. मी त्या कटल्याकडं बघत राहिलो, कारण तो आमच्या पैनगंगेचा मूळचा मासा नव्हे. कटला, रोहू, मृगळ ही गंगेकडची मासळी, ती इकडच्या धरणांत बोटुकली आणून सोडतात. साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं चढतं, वाहतं पाणी लागतं. पूर्वी नदीतूनच बीज गोळा करावं लागे आणि त्यात भलतीसलती पिल्लंही येत. 1957 सालच्या 10 जुलैला ओडिशात कटकला हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्याला बांधलेल्या पाण्यात अंडी घालायला लावलं. म्हणून 10 जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस. आमच्या संस्थेच्या एका शिबिरात हे ऐकलं होतं, तेव्हा फारसं मनात शिरलं नव्हतं. त्या सकाळी शिरलं. नदी थांबवली आणि त्या थांबलेल्या पाण्यात वाहत्या पाण्याचा मासा वाढवायचा, तर त्याच्यासाठी एका माणसानं ही एवढी खटपट केली. त्या माणसाच्या कष्टाचं अन्न आम्ही खातो, असं मला खरंच वाटतं.

पुतण्याला जाळ्यात रस नव्हता. त्यानं पुण्याहून गळाची काठी आणि रबराचा एक हिरवा बेडूक आणला होता. पोटाखाली दोन गळ लपवलेला. फोनवर तो मामांना अमेरिकेतले व्हिडिओ दाखवायचा. तिकडं बास नावाचा मासा आहे, धरणातल्या बुडालेल्या झाडांत दबा धरून बसणारा. त्याच्यासाठी माणसं अनोळखी तळ्यांवर शेकडो मैल गाडी चालवत जातात. नावेत पडद्यावर पाण्याखालचा तळ दिसतो, बुडालेलं ओढ्याचं पात्र दिसतं. 1932 साली जॉर्जियात धरलेला दहा किलोचा बास अजून विक्रम धरून आहे, 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात त्याच तोलाचा एक मिळाला, वगैरे. मामांनी ते सगळं मन लावून पाहिलं. पडद्यावर पात्राची रेघ दिसली तेव्हा त्यांनी बोट ठेवलं. "ही दरड." बरोबर होतं. मग त्या माणसानं मासा परत पाण्यात सोडला आणि मामा म्हणाले, "पोट भरलेलं हाय त्याचं. चांगलं करतो."

आमच्याकडं बासच्या जागी मरळ आहे. तीही तशीच खोडाआड, झुडपाआड थांबते आणि झेप घेते. पाण्याबाहेरची हवाही घेते, म्हणून दर थोड्या वेळानं वर येऊन एक घोट घेऊन जाते. तो बुडबुडा ओळखता आला की अर्धं काम झालं. दगडी डोहात राहते ती फुलमरळ. तिच्या अंगावर मोत्यासारखे पांढरे ठिपके असतात, शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा एक काळा ठिपका. आमच्या नदीत ती आता क्वचित दिसते. बाजारात तिला इतर कोणत्याही मासळीपेक्षा जास्त भाव, आणि तीही जिवंत असली तर.

पाचव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं बुडालेल्या बाभळींच्या एका कोनात गेलो. पाणी काचेसारखं. एकाएकी वीतभर गोल जागेत पाणी असं उकळल्यासारखं झालं, जणू तेवढ्याच जागेवर पाऊस पडला. पुतण्या ताठ बसला. मी वाकून पाहिलं. बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं, काळपट, प्रत्येकाच्या अंगावर एक केशरी पट्टी. सगळी एकदम हवा घ्यायला वर आलेली. आणि त्यांच्या खाली, हातभर खोल, एक लांब सावली. हलत नव्हती. कल्ले तेवढे उघडत-मिटत होते. सहा-सात किलोची फुलमरळ असेल. तिच्या शेजारी दुसरी, थोडी लहान.

पुतण्यानं बेडूक फेकायला हात मागं घेतला. मामांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"आता टाकला तर घेईल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पण भुकेनं नाही. रागानं घेईल. पिल्लाजवळ काही आलं की ती धरतेच."

पिल्लं मोठी होईपर्यंत मरळीची जोडी त्यांच्याभोवती फिरत राहते. आईबाप उचलले की तासाभरात तो गोळा तिलापी आणि शिंगाड्याच्या पोटात जातो. हे मलाही वडलांनी सांगितलं होतं. पण मी हेही कबूल केलं पाहिजे की त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं ती दोन फाटकी जाळी होती, आणि ती मरळ जिवंत नेली असती तर त्यातल्या एकाची भरपाई तिथल्या तिथं झाली असती. मामांचा हात पुतण्याच्या मनगटावर होता आणि नजर माझ्यावर. मी फळकुट पाण्यात घातलं आणि तराफा मागं घेतला. पिल्लं पुन्हा एकदा वर आली, तसाच थोडासा पाऊस पडला, आणि सावली त्यांच्याबरोबर बाभळीखाली सरकली.

अकरा दिवस राहिलो. वाट्याला आलेल्या पैशांत जाळी नवी झाली, वर थोडे उरलेही. निघताना मामांनी ती गाठींची दोरी मला दिली. मी नको म्हणालो. ते म्हणाले, "मला कशाला लागते? मला सगळं ठाऊक हाय." मग ती पोत्यात ठेवली.

परत आल्यावर आठवडाभरात इसापूरचं पाणी पात्रात सोडल्याची बातमी आली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं ओरडत आली म्हणून नदीवर गेलो. वाळूवर पाणी येत होतं. पुराचं येतं तसं नाही, चालत येत होतं. पुढं फेसाची आणि पाचोळ्याची एक वळकटी, तिच्यामागं हातभर रुंदीची ओली जीभ. वाळू आधी ते पिऊन टाकायची, मग थोडी काळी पडायची, मग तिच्यावरून पाणी पुढं सरकायचं. पोरं त्याच्या पुढं पुढं उलट्या पावलांनी चालत होती. म्हशी आधीच उतरल्या होत्या. मी चप्पल काढून त्या पाण्यात उभा राहिलो आणि मामांना फोन लावला.

"मामा, पोचलं."

"किती हाय?"

मी खाली बघितलं. "घोट्याएवढं."

"येईल अजून," ते म्हणाले. "वरून निघालंय."